पद्मिनी गरम झाली की बंद, थंड झाली की लगेच चालू: पंपाचं किट परत परत बदलण्याआधी हे बघून घ्या

ज्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी डिलाइट आहे त्यांना हे दुखणं सांगायला नको. सकाळी एका सेल्फला चालू होते, गावाबाहेर पडेपर्यंत मस्त पळते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात टोलनाक्याला अडकली किंवा खंबाटकी चढायला लागली की आधी बारीक झटके, मग पिकअप गायब, मग गाडी कडेला. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत थंड झालेली असते त्यामुळे तिथे ती शहाण्यासारखी वागते, मेकॅनिक म्हणतो टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) गेला असेल, किट टाकून देतो. किट पडतं, काही आठवडे बरी चालते, आणि पुढच्या गरम दिवशी परत तेच.

बऱ्याच गाड्यांत यामागे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे गाडी गरम आणि बंद असताना कोणी तपासतच नाही. आणि दुसरी, जी जास्त वैताग देते, म्हणजे ते 'नवीन' किटच नवीन नसतं. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटून गेलीत, दुकानात डब्यात मिळणारं रबर तेव्हाचं असू शकतं, आणि ते ज्या पेट्रोलसाठी बनवलं होतं ते पेट्रोल आता पेट्रोल पंपावर मिळत नाही.

आधी रस्त्याच्या कडेला काय करायचं ते. गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, फक्त एवढं ठरवायचं की पेट्रोल येत नाहीये की करंट येत नाहीये. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने रेस द्या. कार्बोरेटरमधल्याच छोट्या ॲक्सिलरेटर पंपाच्या नळीतून बारीक पिचकारी आली तर बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे. काहीच आलं नाही, कोरडं ठणठणीत असेल, तर पेट्रोल पोचत नाहीये. आणि उलट, घशात सगळं ओलं, पेट्रोलचा भपकारा येतोय, तर गाडी ओव्हरफ्लो झालेली आहे, हा तिसराच प्रकार आणि यात पंपाचा काही दोष नाही. गाडी बंद केल्यावर इंजिनची धग वर चढते, बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या वाटेत) सांडतं. अशा वेळी लोक परत परत रेस मारतात आणि अजून पेट्रोल ओततात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि सलग सेल्फ मारायचा, दोन-तीन वेळात घेते. हे वारंवार होत असेल तर कार्बोरेटरच्या बुडाशी असलेलं जाड इन्सुलेटर पॅकिंग बघा, बऱ्याच गाड्यांत कोणीतरी ते काढून नुसत्या कागदी पॅकिंगवर कार्बोरेटर बसवलेला असतो. फ्लोटची (बाऊलमधल्या तरंगत्या गोळ्याची) लेव्हल पण बघून घ्या, वर असेल तर हा त्रास दुप्पट.

(गरम इंजिनवर उघडं पेट्रोल आहे हे डोक्यात ठेवून सगळं करा. बिडी-सिगारेटवाला मदतनीस लांब, आणि गाडीत अग्निशामक सिलिंडर असू द्या, जुन्या गाडीत तो जॅकपेक्षा महत्त्वाचा आहे.)

पेट्रोल आहे आणि तरी गाडी घेत नाही, तर करंट बघा. प्लगची एक वायर काढून तिचं टोक ब्लॉकपासून पाचेक मिलिमीटरवर धरा, हाताला इन्सुलेशन असलेली पक्कड घ्या, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. त्याआधी सांडलेलं पेट्रोल पुसून, हवा जाऊ देऊन मगच, आणि ठिणगी कार्बोरेटरपासून लांब. निळी, कडक, टिक-टिक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी, मधेच गाळणारी असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. हे दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूद होतात, म्हणजे लक्षण हुबेहूब पेट्रोल बंद झाल्यासारखंच, आणि म्हणूनच निम्म्या पद्मिनींना विनाकारण पंपाची किटं पडलेली असतात. कंडेन्सरवर माझा जास्त संशय असतो कारण हल्ली बाजारात मिळणारे नवीन कंडेन्सर फारच बेभरवशाचे आहेत. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) उघडून बघा, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल, पॉइंट काळे पडले असतील, तर कंडेन्सरचीच गोष्ट आहे. मल्टिमीटरमध्ये कपॅसिटन्सची सोय असेल तर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा यायला हवा, आणि तो आधी थंड असताना बघायचा आणि मग केस वाळवायच्या ड्रायरने चांगला तापवून बघायचा. तापल्यावर आकडा नाचायला लागला की कचऱ्यात. जुना चालता कंडेन्सर कधीच फेकू नका, डिकीत ठेवा, गंज चढलेला असला तरी नव्यापेक्षा तो बरा निघू शकतो.

आता खरा विषय, पेट्रोल न पोचणं. यांत्रिक पंप इंजिनच्या अंगालाच बसलेला असतो आणि तो पार मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. पेट्रोलमधला सगळ्यात हलका भाग साधारण ३५ ते ४० अंशांलाच वाफ व्हायला लागतो, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्यामुळे तिथे त्याहून लवकर. वाफ झाली की पंप वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही. ही चाचणी म्हणूनही वापरा: बंद पडल्यावर पंपावर आणि पंपापर्यंतच्या नळीवर ओलं फडकं ठेवून दोन मिनिटं थांबा, लगेच चालू झाली तर वाफेचा त्रास नक्की आहे. पण, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं, वाफेचा त्रास आहे म्हणजे उष्णताच दोषी असं नाही. हीच गाडी मुंबईच्या मे महिन्यात वर्षानुवर्षं काळी-पिवळी होऊन दिवसभर पळत होती. धडधाकट पंप थोडीफार वाफ सहज पचवतो. अर्धमेला पंप, कुठेतरी हवा ओढणारी नळी, अर्धवट तुंबलेली जाळी, यातलं काहीतरी आधीच असतं, गाडी थंड असताना ते निभावून जातं आणि उन्हात उघडं पडतं.

हवा ओढणारी नळी शोधणं अवघड का, तर ती गळत नाही. ओढीच्या बाजूला भेग असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, खाली एक थेंब सांडलेला दिसत नाही आणि लोक म्हणतात लाइन ओके आहे. पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक फिल्टर लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर टाकीपासून पंपापर्यंत प्रत्येक रबरी तुकडा आणि क्लिप बदला, एक-एक शोधत बसू नका, ते तुकडे स्वस्त असतात. टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र पण बघा. बंद पडल्यावर झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि मग गाडी चालू झाली तर सगळा खेळ तिथेच आहे, रंगकाम करताना ते छिद्र बुजलेलं असतं. आणि हो, पेट्रोलची धातूची नळी सायलेन्सरच्या पाइपजवळून कोणी फिरवली आहे का तेही वाकून बघा, रिस्टोअर केलेल्या गाड्यांत हे फार, कारण मूळ क्लिपा मिळत नाहीत मग जिथे जागा मिळेल तिथून नळी जाते.

आता रबर. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पेट्रोल पंपांवर तेच मिळतं. पद्मिनीच्या काळातलं रबर आणि कॉर्क शुद्ध पेट्रोल धरून बनवलेलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, मग वाळल्यावर ते कडक होऊन तडकतं. कॉर्कचं पॅकिंगही खराब होतं. टाकीत आणि नळीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर पण ते सोडवतं आणि तो सगळा गाळ पंपाच्या जाळीवर आणि वाल्व्हवर येऊन बसतो, त्यामुळे एवढ्या वर्षांत जी गाडी कधी अडली नाही ती अचानक अडायला लागते. त्यात इथेनॉल हवेतली ओल धरतं, पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी म्हणजे टाकीच्या तळाला गंज ठरलेलाच. टाकीला आतून कोटिंग मारणार असाल तर ते इथेनॉलला चालतं का हे स्पष्ट विचारा, काही कोटिंग सोलपटून बाहेर येतात आणि मग आधीपेक्षा वाईट अवस्था.

म्हणून पंपाचं किट घेताना डब्यावर काय छापलंय यापेक्षा आतलं रबर काय आहे ते महत्त्वाचं. दुकानदार डबा पुढे करून म्हणणार, "सेठ, कंपनी का डब्बा पॅक माल है." असेल. पण तीस वर्षं पत्र्याच्या माळ्यावर तापलेलं रबर डब्यात असलं काय नि नसलं काय, ते म्हातारं झालेलंच असतं. डायफ्राम काठाशी हलकेच दुमडा, दुमडीवर केसासारख्या भेगा दिसल्या की परत द्या. भेगा नसतील तरी घरी आणून लगेच बसवू नका. किटमधलंच एखादं रबरी वायसर किंवा पॅकिंग मोजून घ्या, झाकणाच्या काचेच्या बरणीत पेट्रोल पंपावरचंच पेट्रोल घालून त्यात बुडवून आठवडाभर गॅलरीत, ज्योतीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा, मग परत मोजा. फुगलं, गुळगुळीत चिकट झालं, पेट्रोलला काळा रंग आला, तर ते किट गाडीतही तसंच होणार आहे. तसंच राहिलं तर बसवा. विटॉनचा (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा) डायफ्राम मिळाला तर सगळ्यात उत्तम, आत कापडाची जाळी असलेलाच घ्या, नुसत्या शीटमधून कापलेला ताणून फाटतो. नळ्यांच्या बाबतीत काम सोपं आहे, एसएई जे३० आर९ असं छापलेली फ्युएल होज मागा, ती थोडी महाग पडते पण आतून विटॉनसारख्याच रबराची असते. टू-व्हीलरच्या दुकानातली साधी काळी नळी लावू नका.

डायफ्राम बसवताना एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये गाळली जाते, आणि किट महिन्यात जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. पंप उघडण्याआधी वरच्या आणि खालच्या भागावर खिळ्याने एक सरळ ओरखडा मारून ठेवा म्हणजे नळ्यांची तोंडं मूळ दिशेला येतील. आतली जाळी आणि दोन्ही वाल्व्ह ब्रशने धुवा, तोंडाने फुंकून आणि ओढून बघा, वाल्व्ह एकाच बाजूने जाऊ द्यायला हवा. मग वरच्या भागाचं तोंड जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यासारखं फिरवून घासा. स्क्रू वर्षानुवर्षं आवळून त्याचे कान वाकलेले असतात, पेपरवर दोन-चार हात मारले की कुठे चमकतंय आणि कुठे काळं राहतंय ते लगेच दिसतं. पूर्ण कडा चमकेपर्यंत घासा. आता डायफ्राम ठेवून स्क्रू नुसते बोटाने लावा, आणि खालचा लिव्हर अंगठ्याने पूर्ण दाबून धरा, डायफ्राम शेवटपर्यंत खाली ओढला गेला पाहिजे. तसा धरूनच स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत या. लिव्हर मोकळा ठेवून आवळलं तर डायफ्राम पसरलेल्या अवस्थेत पकडला जातो, मग प्रत्येक स्ट्रोकला काठाशी ताण बसतो आणि नेमका तिथेच तो फाटतो. दाबून धरणाऱ्याचा अंगठा दुखतो, म्हणून कोणी करत नाही, एवढंच कारण.

लिव्हरची पिन झिजली असेल तर लिव्हर डुगडुगतो आणि स्ट्रोक वाया जातो. हे काम लेथवाल्याचं, भोक मोठं करून पितळी बुश टाकायचा आणि नवीन पिन. पंप आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग पण जपून, तिथे जास्त जाड काही घातलं की लिव्हर कॅमपासून लांब जातो आणि पंपाचा जोर कमी होतो, आणि पातळ घातलं तर लिव्हरवर ताण. जुनं जेवढं होतं तेवढंच. बसवल्यावर कॉइलची वायर काढून कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा, दर ठोक्याला ठसठशीत धार यायला हवी. गेज असेल तर ३ पीएसआयच्या आसपास दाब पुरे.

सामान कुठे मिळतं यावर सगळ्यांचं आपापलं मत असतं. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार इतकी वर्षं पद्मिनीवाल्यांचं माहेरघर होता, आणि ते स्वाभाविक होतं, गाडी कुर्ल्यातच बनायची आणि टॅक्स्या तिथेच तुटायच्या. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओला नोंदली गेली होती आणि २० वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा तुटायला येणाऱ्या गाड्याच आता संपत आल्यात. भाव त्याप्रमाणे चढलेत. तिथून धातूचं सामान घ्यावं: पंपाची बॉडी, कार्बोरेटरची बॉडी, डिस्ट्रिब्यूटर. रबर आणि इलेक्ट्रिकल वापरलेलं घेण्यात अर्थ नाही. पुण्यात नाना पेठेत जुन्या दुकानांतून चौकशी करा, माळ्यावर काय-काय पडलेलं असतं ते मालकालाही माहीत नसतं, जुना पार्ट हातात घेऊन जा आणि दुपारी गर्दी नसताना जा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर मिळतं, पण तिथे पार्ट शोधायला म्हणून जायचं नाही, फिरायला म्हणून जायचं. दिल्लीचं काश्मिरी गेट मोठं आहे पण फोनवर मागवलेल्या मालात डुप्लिकेट ओळखणं कठीण, फोटो उजेडात, दोन्ही बाजूंनी, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून मागा. आणि झिजलेल्या पार्टला बुश टाकणं, कार्बोरेटरमधल्या थ्रॉटलच्या (रेसच्या झडपेच्या) दांडीचं भोक नीट करून घेणं अशा कामांना कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखी जागा नाही, तिथल्या लेथवाल्याला ड्रॉइंग लागत नाही, जुना पार्ट दिला की झालं. थ्रॉटलच्या दांडीचं तर करूनच घ्या, ती हलत असेल तर तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन अजून तापतं. २० टक्के इथेनॉलने मिश्रण आधीच थोडं पातळ झालेलं असतं, काही गाड्यांना मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकल्यावर बराच फरक पडतो, प्लगचा रंग बघून ठरवा, पांढराफटक असेल तर मोठा टाका.

इटलीतून मागवणाऱ्यांना एक इशारा. आपली गाडी फियाट ११०० डी वरून आली म्हणून लोक तिकडच्या विक्रेत्याकडे ११०० डीचे पिस्टन, रिंगा, हेड पॅकिंग मागवतात. इटलीतल्या ११०० डीचं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर ७२ मिलिमीटर. आपलं १०८९ सीसी, बोअर ६८. स्ट्रोक दोघांचा ७५ च, त्यामुळे फोटोत सारखंच दिसतं. मागवताना मॉडेलचं नाव नको, १०८९ सीसी आणि ६८ चा बोअर असं लिहून विचारा, तिकडे ११००/१०३ आणि नंतरच्या ११०० आर मध्ये १०८९ चं इंजिन होतं. कस्टम भरून आलेला चुकीचा पार्ट परत पाठवणं परवडत नाही.

इलेक्ट्रिक पंप लावू का, हा प्रश्न येणारच. माझं मत, आधी यांत्रिक पंप आणि नळ्या धडधाकट करा, मग गरज राहिली तर. लावायचाच असेल तर टाकीजवळ, खाली, म्हणजे तो ढकलेल, ओढणार नाही, आणि वाफेचा प्रश्न मुळातच कमी होईल. कार्बोरेटरचा कमी दाबाचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पीएसआयच्या वर दाब देतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारा नीडल वाल्व्ह उचलला जाऊन सगळं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये. आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल अशी रिले लावल्याशिवाय अजिबात नको, अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल ओततच राहतो. सीटखालून थेट इग्निशनच्या वायरला जोडलेले पंप बघितलेत, बघूनच धडकी भरते.

हे सगळं करूनही घाटात तापमानाचा काटा लालकडे जात असेल तर मग पेट्रोलचा विषय सोडा आणि रेडिएटर बघा. पितळी रेडिएटर असेल तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, जुन्या कोअरच्या निम्म्या नळ्या बुजलेल्या असतात. टायमिंग मागे असेल तरी इंजिन तापतं. थर्मोस्टॅट आपल्याकडे 'उन्हाळ्यात कशाला' म्हणून सर्रास काढून टाकलेला असतो, तो चांगला मिळाला तर परत बसवा, आणि बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवून उघडतोय का ते बघा. नव्या डब्यातला असला तरी.